मीटर शून्य म्हणत होता: बायोगॅस प्लांटवरच्या एका गॅस मीटरचं प्रकरण

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका बायोगॅस प्लांटवरचं आहे. गाव, प्लांट आणि माणसं ओळखू येतील असं काही ठेवलेलं नाही. मीटरचे आकडे मात्र त्या दिवशी वहीत टिपले होते तेच आहेत. गॅस मीटर तपासणं आणि त्यांचं कॅलिब्रेशन करणं, म्हणजे माहीत प्रमाणाच्या गॅसवर त्यांचे आकडे जुळवणं, हा माझा धंदा. वणी, माजरी, घुग्घुस या कोळसापट्ट्यात शिकलो आणि आता जिनिंग, कोल्ड स्टोरेज, बायोगॅस, जिथून फोन येईल तिथं जातो. या प्रकरणात माझीही एक-दोन चुकांची भर आहे, तीही लिहिली आहे.

पार्श्वभूमी

प्लांट तसा लहान. २०१८ साली केंद्राची बायोगॅस इंधनासाठीची ‘सतत’ योजना आली, तेव्हापासून देशभर असे प्लांट उभे राहू लागले, त्यातलाच हा एक. आसपासच्या गावांतलं शेण, नेपिअर गवत आणि हंगामात सोयाबीनचं कुटार यावर चालतो. सुरुवातीला पऱ्हाटीही टाकून पाहिली होती, पण ती पचत नाही, नुसती वर तरंगत राहते. आता ती ब्रिकेटवाला घेऊन जातो.

शेण आणि गवत आधी काँक्रीटच्या एका टाक्यात पाण्याबरोबर कालवतात. मग तो काला पंपानं मोठ्या डायजेस्टरमध्ये जातो. हे कालवणीचं टाकं ४ मीटर खोल आहे. वर स्लॅब, स्लॅबला माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, आणि मधोमध मिक्सरचा उभा दांडा. खरा गॅस डायजेस्टरमध्ये बनतो म्हणून सगळ्यांचं लक्ष डायजेस्टरवर असतं. पण उन्हाळ्यात काला रात्रभर पडून राहिला तर याच टाक्यात सडणं सुरू होतं. बायोगॅसमध्ये निम्म्याहून जास्त मिथेन, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड, आणि थोडा हायड्रोजन सल्फाइड असतो. हा ‘थोडा’ म्हणजे शेकडो, कधी हजारो पीपीएम (पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग). मिथेन हवेपेक्षा हलका असल्यानं वर निघून जातो. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, तो टाक्यात खाली बसून राहतो.

प्लांटवर चार गॅसचा एक मीटर होता. बेल्टला अडकवायचा, पंप नसलेला. ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड. अलार्म नेहमीच्या ठिकाणी लावलेले: ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली, ज्वलनशील वायू १० टक्के एलईएलला, कार्बन मोनॉक्साइड ३५ पीपीएमला, हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमला. एलईएल म्हणजे हवेत किमान किती वायू असला की पेट घेतो ती मर्यादा. मिथेनसाठी ती ५ टक्के धरतात, म्हणून मीटरवर ‘१०’ दिसलं की हवेत अर्धा टक्का मिथेन आहे असं समजायचं. कोळसा खाणीत सव्वा टक्का मिथेन दिसला की माणसं बाहेर काढतात. मीटरच्या भाषेत ते २५ होतात.

मीटरच्या पाठीवर कॅलिब्रेशनचं स्टिकर होतं, तीन आठवड्यांपूर्वीचं. प्रमाणपत्र ऑफिसात फ्रेम करून लावलेलं. असं फ्रेम केलेलं प्रमाणपत्र मी तरी पहिल्यांदाच पाहत होतो.

अडचण कशी उभी राहिली

मे महिना, पारा ४६ वर. सकाळी मिक्सर घरघरला आणि बसला. शेणाबरोबर गावातून सुतळ्या, खताच्या पोत्यांचे धागे, कधी अख्खं पोतंही येतं. ते दांड्याला गुंडाळत जातं आणि एक दिवस मोटर हात टेकते. याआधी दोनदा असंच झालं होतं आणि दोन्ही वेळा एक माणूस दोरी धरून खाली उतरला, विळ्यानं सुतळी कापली, अर्ध्या तासात वर आला. तिसऱ्यांदाही तेच करायचं ठरलं.

साइट इन्चार्ज तरुण, कृषी पदविकावाला, नियमाचा पक्का. गॅस तपासल्याशिवाय उतरायचं नाही, असं त्यानं बजावलं. ऑपरेटर पोरानं मीटर दोरीला बांधला, तोंडातून आत सोडला आणि पाच-दहा सेकंदांत वर ओढला. ऑक्सिजन २०.९, बाकी तिन्ही शून्य.

खाली उतरणारे काका साठीच्या आसपासचे. त्यांनी मीटरकडे पाहिलं आणि पागोटं काढून पुन्हा बांधायला घेतलं. म्हणाले, “मीटर तं सारं शून्य दाखवून रायला. मंग माये डोये काहून चुरचुरून रायले?”

सगळं प्रकरण या एका वाक्यावर फिरलं. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास एक पीपीएमच्याही खाली नाकाला कळतो, म्हणून वास येतोय आणि मीटर शून्य म्हणतोय, यात तसं विसंगत काही नाही. पण डोळे चुरचुरायला लागले म्हणजे गॅस वासापुरता उरलेला नाही. उलट बाजूनं, वास अचानक नाहीसा झाला तर त्याहून वाईट. शंभर-दीडशे पीपीएमला नाकच बधिर होतं, मग वास येत नाही म्हणून माणूस निर्धास्त होतो.

इन्चार्जनं काम थांबवलं आणि मला फोन केला. मी वणीत होतो. हा त्या दिवसातला पहिला निर्णय, आणि माझ्या मते सगळ्यात चांगला. हातात नवं स्टिकर लावलेला मीटर असताना म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांवर विश्वास ठेवणं सोपं नसतं. वर मॅनेजर साहेबांचा फोन चालू होता, डायजेस्टर उपाशी आहे म्हणून.

मीटरची तपासणी

पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. आधी मीटर घेऊन फाटकाबाहेर गेलो, वाऱ्याच्या उलट दिशेला दोनेकशे पावलं, नांगरून पडलेल्या वावरात. तिथल्या स्वच्छ हवेत मीटरनं ऑक्सिजन २०.९, कार्बन मोनॉक्साइड शून्य आणि हायड्रोजन सल्फाइड उणे ४ दाखवलं.

हवेत उणे चार पीपीएम काही नसतं. पोराला विचारलं, झीरो कुठं करतोस? म्हणाला, रोज सकाळी चालू केला की तिथंच, शेडमध्ये. शेड टाक्याच्या तोंडापासून सात-आठ पावलांवर. मीटरला ‘फ्रेश एअर’ म्हणून जी हवा दाखवाल ती तो शून्य धरतो. त्या सकाळी शेडमध्ये मीटरला ४ पीपीएम दिसावा एवढा गॅस होता आणि बटण दाबलं गेलं. तेव्हापासून मीटरचं शून्य चार पायऱ्या खाली सरकलं होतं. पोराची चूक म्हणवत नाही. त्याला ‘रोज झीरो कर’ एवढंच सांगितलेलं, कुठं करायचा ते कोणी सांगितलं नव्हतं.

मग बंप टेस्ट. ठरावीक प्रमाणाचा गॅस मीटरवर सोडायचा आणि तो किती दाखवतो ते पाहायचं. माझ्या बाटलीत मिथेन २.५ टक्के, म्हणजे ५० टक्के एलईएल. ऑक्सिजन १८ टक्के. कार्बन मोनॉक्साइड १०० पीपीएम आणि हायड्रोजन सल्फाइड २५ पीपीएम होता. रेग्युलेटर मिनिटाला अर्धा लिटर सोडणारा. उन्हाची झळ थेट मीटरवर बसवायच्या कॅलिब्रेशनच्या टोपीवर आली तर आकडे हलतात, म्हणून गाडीच्या आडोशाला बसून केली. आकडे आले असे: ऑक्सिजन १८.१, कार्बन मोनॉक्साइड ९७, ज्वलनशील ११, हायड्रोजन सल्फाइड ५.

पहिले दोन चोख. पुढचे दोन पाहून मी म्हणालो, सेन्सर मेले. आणि इथंच माझं पाऊल घसरत होतं.

हायड्रोजन सल्फाइड चिवट नाही, चिकट आहे. बाटलीच्या आतल्या भिंतीला, रेग्युलेटरला, रबराच्या नळीला चिकटतो आणि मीटरपर्यंत पोचतच नाही. अशा मिश्रणाच्या बाटल्यांना म्हणूनच मुदत असते, साधारण वर्ष ते दोन वर्षं. माझ्या बाटलीची मुदत संपून दोन महिने झाले होते. त्यात ती सकाळपासून गाडीच्या डिकीत होती, बंद गाडी, मे महिना. नळीही मूळची नव्हती. ती फाटली म्हणून वणीत माशांच्या टाकीच्या दुकानातून एक आणली होती. तेव्हा ५ आकडा आला त्यात मीटर किती खोटा आणि माझी सामग्री किती खोटी, हे वेगळं करायला हवं होतं.

माझा स्वतःचा मीटर महिन्यापूर्वी नागपूरला प्रयोगशाळेत तपासून आणलेला. त्याच बाटलीवर, त्याच नळीनं तो लावला. मिथेन ४९, हायड्रोजन सल्फाइड १६. म्हणजे मिथेनच्या बाबतीत बाटली निर्दोष, प्लांटचाच मीटर आंधळा. हायड्रोजन सल्फाइडमध्ये मात्र दोघंही दोषी. नळी बदलली, पिशवीत एक जुनी पण मूळ नळी सापडली, वीतभर तुकडा लावला. माझा मीटर २२ वर गेला. प्लांटच्या मीटरचं शून्य वावरात नीट करून घेतलं आणि तो लावला: १३.

आता चित्र दिसायला लागलं. खरा गॅस साधारण २२ असेल तर प्लांटचा मीटर त्यातला सहा आणे हिस्सा गिळून दहा आणेच दाखवत होता, आणि त्यातूनही सरकलेल्या शून्याचे चार वजा. वहीत मांडून पाहिलं. १० चा अलार्म वाजायला टाक्यात खरोखर २५ च्या घरात गॅस लागला असता. ज्वलनशील वायूचं तर आणखी वाईट. ५० ला ११ दाखवणारा मीटर १० चा अलार्म वाजवणार ४५ वर, म्हणजे पेट घेण्याच्या मर्यादेच्या निम्म्याजवळ.

इन्चार्जला वही दाखवली. तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, “याच्यावर विश्वास ठेवून दोनदा माणूस उतरवला मी.”

कारणांचा शोध

मीटरच्या जाळीवरचं पातळ फिल्टर काढलं तर त्यावर वाळलेल्या शेणकाल्याची हिरवट पापडी. मीटर दोरीनं सोडताना एकदोनदा काल्याला टेकला होता. नवं फिल्टर घातलं, हायड्रोजन सल्फाइड १३ वरून १९ वर आला. उरलेली घट सेन्सरच्या वयाची. अडीच वर्षांचा होता, एवढंच त्याचं आयुष्य.

ज्वलनशील वायू ११ वरून १६ पर्यंत आला आणि तिथंच अडला. हा सेन्सर वेगळ्या जातीचा. आत तापवलेला एक बारीक मणी असतो. वायू त्यावर जळतो, मणी आणखी तापतो, त्यावरून आकडा निघतो. मण्यावर सिलिकॉन बसलं की तो विझल्यासारखा होतो, आणि पुन्हा सुधारत नाही. मी विचारलं, जवळपास सिलिकॉन सीलंट, ग्रीस, स्प्रे काही वापरता का? सगळे नाही म्हणाले. मीटर कुठं ठेवता? तर ऑफिसच्या कपाटात. कपाट उघडलं. मीटरच्या डब्याशेजारी एक स्प्रेचा डबा, गाडीच्या डॅशबोर्डला चकाकी आणायला मारतात तो.

“हे काय?”

“साहेबांच्या गाडीचं, भाऊ,” पोरगं म्हणालं. “मीटरवरबी मारतो ना मी. कॅलिब्रेशनले पाठवाच्या आधी चांगला चमकवून पाठवला होता. सायेब म्हणत, मशीन स्वच्छ पाह्यजे.”

त्या चकाकीत सिलिकॉन असतं. म्हणजे तपासणीला पाठवण्याच्या आदल्या दिवशीच मीटरला विष दिलं गेलं होतं, आणि तेही जीव लावून, मऊ फडक्यानं पुसून.

मग तीन आठवड्यांपूर्वी तो पास कसा झाला? फ्रेम उतरवून प्रमाणपत्र वाचलं. ज्वलनशील वायूसाठी तपासणीचा गॅस म्हणून ‘आयसोब्युटेन’ लिहिलेलं. प्रमाणपत्र खोटं नव्हतं. पण अशा मण्यावर जळायला सगळ्यात अवघड वायू म्हणजे मिथेन. विषबाधा झालेला सेन्सर मिथेन आधी विसरतो, आयसोब्युटेन बराच काळ ओळखत राहतो. तपासणाऱ्या एजन्सीनं विचारलं नाही की मीटर कुठं वापरता, आणि प्लांटनं सांगितलं नाही की आमच्याकडे फक्त मिथेन आहे. हायड्रोजन सल्फाइडचा आकडा तेव्हा ठीक आला असणार. पापडी आणि सरकलेलं शून्य हे त्यानंतरचे उद्योग.

माझे वडील कोळसा खाणीत होते. त्यांच्या वेळी सेफ्टी लॅम्प असे, १८१५ साली हम्फ्री डेव्हीनं काढलेल्या जाळीच्या दिव्याचाच वंशज. मिथेन आला की ज्योतीवर निळसर टोपी दिसते. आपल्याकडे विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडतात तो याचाच गावठी भाऊ, पण त्याला फक्त ऑक्सिजन कमी झालेला कळतो. हायड्रोजन सल्फाइड त्याला दिसत नाही, आणि मिथेनमध्ये उघडा कंदील म्हणजे मरण. तरी दिव्याचा एक गुण मला अजून पटतो. तो बंद पडला की विझलेला दिसतो. बिघडलेला मीटर मात्र शून्यच दाखवत राहतो, आणि स्वच्छ हवेतही शून्यच दिसतं.

कोणते पर्याय होते

चार वाजले होते. मॅनेजरसाहेब नागपूरहून फोनवर, इन्चार्ज समोर, काका सावलीत बिडी न पेटवता बसलेले.

साहेबांचं म्हणणं, इथंच कॅलिब्रेट करून द्या आणि काम उरकू द्या. तांत्रिकदृष्ट्या करता आलं असतं. मीटरला ‘हे २५ आहेत’ असं सांगून आकडा वर ओढता येतो. पण मुदत संपलेल्या बाटलीवर असा आकडा जुळवणं (स्पॅन करणं) म्हणजे झिजलेल्या मापानं दुसरं माप घडवणं. आणि विषबाधा झालेला मणी ओढून ५० वर आणला तरी तो पुढच्या आठवड्यात पुन्हा घसरणार, फक्त आता त्यावर माझं स्टिकर असणार. नाही म्हणालो. त्यावर त्यांनी काय ऐकवलं ते सोडून देतो.

दुसरा पर्याय मीच सुचवला होता, आणि त्याची मला आजही लाज वाटते. म्हटलं, माझा मीटर चांगला आहे, त्यावर तपासू आणि काकांच्या गळ्यात घालून उतरवू. इन्चार्जनं उलट विचारलं, “भाऊ, तुमचा मीटर बावीस दाखवतो. बाटली कमी हाय का मीटर कमी, तुमाले तरी सांगता येईन काय?” मला सांगता आलं नाही. शिवाय तेव्हा लागू असलेल्या कारखाना अधिनियम १९४८ च्या कलम ३६ प्रमाणे अशा जागेत माणूस उतरवायचा तर सक्षम व्यक्तीनं स्वतः तपासून लेखी दाखला द्यावा लागे. नाहीतर उतरणाऱ्याला श्वसनसाधन, पट्टा आणि त्याच्या दोरीचं टोक बाहेर धरलेला माणूस लागे. मी मीटरवाला. दाखला देणारा मी नाही.

तिसरा, मीटर नागपूरला पाठवून दोन-तीन दिवस थांबणं. चौथा पर्याय काकांनी सांगितला. माणूस खाली नेण्यापेक्षा दांडा वर आणा. गिअरबॉक्सचे बोल्ट खोला, वणीहून हायड्रा (क्रेनची गाडी) बोलवा आणि उचला. साहेबांना हायड्राचं भाडं खटकत होतं.

निर्णय आकड्यांवर झाला नाही, बांबूवर झाला. माझा मीटर दोरीनं आत सोडला, या वेळी दर मीटरला दोन-दोन मिनिटं थांबत, कारण सेन्सरला आकडा पकडायला अर्धं मिनिट तरी लागतंच. हायड्रोजन सल्फाइड वर ९, काल्याजवळ ३१. ऑक्सिजन १९.८, ज्वलनशील ६. मग इन्चार्जनं लांब बांबूनं काला तीन-चार वेळा ढवळला, खाली उतरलेल्या माणसाच्या पायांनी जेवढा ढवळला जाईल तेवढाच. मीटर किंचाळायला लागला. वर ओढून पाहिला तर हायड्रोजन सल्फाइडच्या जागी आकडा नव्हता. मोजण्याची मर्यादा १०० पीपीएम, ती ओलांडली होती. ज्वलनशील १८.

काल्यात विरघळून, बुडबुड्यांत अडकून बसलेला गॅस हलवला की एकदम सुटतो. याचा अर्थ सकाळचा शून्य आकडा खरा असता, मीटर अगदी कोरा करकरीत असता, तरी काकांनी पहिली सुतळी कापली त्या क्षणी तो निरुपयोगी झाला असता. साहेबांना इन्चार्जनं फोनवर मीटरचा तो आवाजच ऐकवला. हायड्राला होकार आला.

काय केलं

दुसऱ्या दिवशी सकाळी हायड्रा आली. टाक्याच्या तोंडावर ब्लोअर लावून रात्रभर हवा खेळती ठेवली होती. माणसं वाऱ्याच्या बाजूनं उभी, माझा मीटर गिअरबॉक्सजवळ टांगलेला. दांडा वर आला तेव्हा त्याला मांडीएवढा जाड सुतळीचा गड्डा, त्यात एक लाल ओढणी आणि बैलाची तुटकी म्होरकी. पाऊण तासात साफ करून परत बसवला. कोणी खाली उतरलं नाही. प्लांटचं दीड दिवसाचं खाद्य चुकलं. गॅस थोडा घटला आणि आठवड्यात पूर्ववत झाला. डायजेस्टरमधला माल महिनाभर मुरत असतो, दीड दिवसाच्या उपासानं त्याला काही होत नाही. साहेबांच्या फोनवरून तर वाटत होतं की प्लांट बंदच पडतोय.

मीटर मी नेला. ज्वलनशील आणि हायड्रोजन सल्फाइडचे सेन्सर नवे घातले. नव्या बाटलीवर, मिथेननंच, गार खोलीत मीटर तासभर ठेवून कॅलिब्रेट केला. परत देताना प्लांटला त्यांची स्वतःची ५८ लिटरची बाटली, टोपी, मूळ नळी घ्यायला लावली. झीरो करायची जागा ठरवली: फाटकाबाहेरचं कडुनिंब, तेही वारा प्लांटकडून येत नसेल तरच. स्प्रेचा डबा गाडीत गेला. मीटरला ओल्या फडक्याखेरीज काही लावायचं नाही, असं पोरानं स्वतःच कपाटावर लिहून चिकटवलं. त्याच्या पुढं एक रिकामा रकानाही ठेवला, का ते मला अजून माहीत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

मी मुदत संपलेली बाटली घेऊन फिरत होतो, हे आधी. ती नवी असती तर दोन तासांचं काम वीस मिनिटांत झालं असतं आणि इन्चार्जच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर असतं. आता बाटली डिकीत नाही, सीटखाली ओल्या पोत्यात असते, आणि मुदतीची तारीख मार्करनं मोठी लिहिलेली.

काला ढवळताना आम्ही तिघं तोंडापासून चार पावलांवर उभे होतो. वारा पाठीकडून होता म्हणून निभावलं. दोरी लांब होती, बांबूही लांब होता, मग चार पावलं कशाला? उत्तर नाही. उत्सुकता, दुसरं काय.

प्लांटनं मीटर पाठवताना एका कागदावर तीन ओळी लिहायला हव्या होत्या: कुठं वापरतो, कोणता वायू, अलार्म कुठं लावले आहेत. एजन्सीनं ते विचारायला हवं होतं. दोघंही ‘चार गॅस’ एवढ्यावर समाधानी राहिले. काकांचं ऐकणं हा योगायोग होता असं मी म्हणणार नाही, पण त्या दिवशी इन्चार्ज रजेवर असता तर काय झालं असतं, हा प्रश्न मी वहीत लिहून त्याखाली काही लिहिलेलं नाही.

आणखी एक. मिक्सरच्या आधी जाळी बसवली तर सुतळी टाक्यात जाणारच नाही. ही सूचना इन्चार्जनं दोनदा कागदावर दिली होती. हायड्राचं बिल पाहिल्यावर तिसऱ्यांदा मंजूर झाली.

पोळ्याच्या आठवड्यात

ऑगस्टअखेर पुन्हा गेलो. बंप टेस्टचं रजिस्टर नीट ठेवलेलं, बारा आठवड्यांतल्या कामाच्या दिवसांच्या साठ नोंदी. रोज एकच अक्षर, रोज एकच शाई, आणि रोज ५०, १८, १००, २५. खऱ्या टेस्टमध्ये आकडा कधी ४८ येतो, कधी ५१. रोज बरोबर पन्नास येत असेल तर तो मीटरनं नव्हे, पेननं दाखवलेला असतो.

बाटलीचं प्रेशर पाहिलं. ५०० ला आणली होती, काटा ४६० वर. एका टेस्टला साधारण ४०० मिलिलिटर धरले तर साठ टेस्टांना ५८ पैकी चोवीस लिटर जायला हवेत, काटा तीनशेच्या खाली यायला हवा. चाळीस उतरलाय म्हणजे बारा टेस्ट झाल्या असतील. पोरापुढं गणित मांडलं. तो रागावला नाही, खाली बघत राहिला.

“भाऊ, बाटली महाग हाय ना. सायेब म्हणत, पुरवून वापर. मंग मी सोमवारी सोमवारी करतो. बाकीच्या दिवशी पाहून लिहतो.”

दर सोमवारी एक, म्हणजे बाराच. पोरगं खरं बोलत होतं. इन्चार्जला बोलावलं. तिघांनी बसून ठरवलं: टाक्याचं तोंड ज्या दिवशी उघडणार त्या दिवशी टेस्ट झालीच पाहिजे, इतर दिवशी नाही केली तर नोंदीत ‘केली नाही’ असंच लिहायचं, आणि आकड्यांच्या शेजारी बाटलीच्या काट्याचा एक रकाना वाढवायचा. पोरानं पट्टी घेऊन रकाना आखला, नळी लावली आणि पहिली ओळ माझ्यासमोर भरली: ४९, १८, ९८, २४, काटा ४५६.